नोकरी सांभाळून मार्शल आर्ट: वेळ आणि पैसा कसा बसवायचा

कराटे असो, ज्युदो, बॉक्सिंग, मुय थाय किंवा जिउ-जित्सू, नोकरदाराचा क्लास सुटतो तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. अंगात दम नाही हे त्याचं कारण क्वचितच असतं. आठवड्यात पाच दिवस जायचं ठरवलेलं असतं, वर्षाची फी एकदम भरलेली असते, आणि कामाचा एक धबडग्याचा आठवडा आला की सगळा बेत कोसळतो. म्हणून आधी कला निवडू नका. आधी आठवड्यातले दोन दिवस निवडा, आणि त्या दोन दिवशी चालणारा चांगला क्लास शोधा.

दोनच का? आठवड्यातून एकदा गेलात तर मागचं शिकलेलं अंगातून निघून गेलेलं असतं आणि अर्धा तास उजळणीतच जातो. उलट सुरुवातीलाच चार दिवस गेलात तर स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरा आणि सांध्यांचे बंध फार सावकाश बळकट होतात. दीडेक महिन्याने कोपर, बोटं किंवा घोटे ठणकू लागतात ते यामुळेच. दोन दिवसांमध्ये किमान ४८ तासांचं अंतर ठेवा: सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. तिसरा दिवस तीन महिन्यांनंतर.

वेळ मोजायची ती दारापासून दारापर्यंत

क्लास एक तासाचा असला तरी तुमचा वेळ एक तास जात नाही. समजा ऑफिस ते घर २५ मिनिटं आणि घर ते क्लास २५ मिनिटं. घरी येऊन पुन्हा बाहेर पडलात तर जाण्या-येण्याची ५०, कपडे बदलायला १०, क्लासची ६०, आवरायला १५ अशी १३५ मिनिटं जादा लागतात. तोच क्लास ऑफिसहून घरी येण्याच्या वाटेवर असेल आणि वाकडी वाट १० मिनिटांची असेल, तर हिशोब ९५ मिनिटांवर येतो. आठवड्याला ८० मिनिटं वाचतात. त्याहून मोठा फायदा असा की घरी टेकल्यावर पुन्हा उठायचा प्रश्नच येत नाही. लांबच्या नामांकित क्लासपेक्षा वाटेवरचा बरा क्लास जास्त शिकवतो, कारण तिथे तुम्ही प्रत्यक्ष जाता.

बॅग आदल्या रात्री भरायची आणि सकाळी सोबतच न्यायची. गणवेश किंवा टी-शर्ट-पँट, टॉवेल, पाण्याची बाटली, मॅटबाहेर घालायची चप्पल, नेलकटर, चिकटपट्टी, आणि घामट कपड्यांसाठी वेगळी पिशवी. क्लासहून आल्यावर ती पिशवी बॅगेत तशीच राहिली तर पुढच्या वेळी जायची इच्छा निम्मी होते, हे खरंच घडतं.

ऑफिसच्या कॅलेंडरवर ते दोन तास आधीच अडवून ठेवा आणि वरिष्ठांना स्पष्ट सांगा: या दोन दिवशी सहानंतर मीटिंग नको, गरज पडली तर रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर काम करीन. घरच्यांशीही फी भरण्याआधी बोला. मुलांना कोण आणणार, स्वयंपाक कोण बघणार, आणि बदल्यात तुमचा कुठला दिवस जोडीदाराचा, हे ठरलेलं असलं की दर आठवड्याला नव्याने परवानगी मागावी लागत नाही.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी आठवड्याऐवजी पंधरवडा धरावा आणि त्यात चार हजेऱ्यांचं लक्ष्य ठेवावं. तोच पाठ सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा शिकवणारा क्लास त्यांना सर्वांत सोयीचा.

जड जेवण क्लासच्या दोन-तीन तास आधी आटपलेलं असावं. संध्याकाळचा क्लास असेल तर तासभर आधी एखादं फळ किंवा तितकंच हलकं काही खा. उपाशीपोटी गेलात तर शेवटच्या वीस मिनिटांत पाय चालत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळात स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, असते. रात्री साडेनऊला सुटणाऱ्या क्लासनंतर दहाला झोप येईल अशी आशा करू नका. शरीर थंडावायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं असेल तर तो दिवस क्लाससाठी चुकीचाच निवडलेला आहे.

फीचा आकडा आणि खरा खर्च

महिन्याची फी हा खर्चाचा एकच भाग. त्यात नोंदणी शुल्क, संघटनेचं वार्षिक सदस्यत्व, विमा, बेल्ट परीक्षेचं शुल्क, गणवेश, साहित्य आणि प्रवास मिळवा, वर्षाची बेरीज करा आणि तुम्ही खरोखर हजर राहाल त्या दिवसांनी भागा. हा दर हजेरीचा आकडा समोर ठेवूनच दोन क्लासची तुलना करा. स्वस्त दिसणारा लांबचा क्लास इथे बऱ्याचदा महाग निघतो.

'अमर्याद' पासचंही तसंच. महिन्याला ८ हजेऱ्यांचा पास आणि त्याच्या दीडपट किमतीचा अमर्याद पास असेल, तर १२ हजेऱ्या झाल्यावर दोन्हींचा दर सारखा होतो. आठवड्याला दोनदा जाणारा माणूस महिन्याला आठ-नऊच भरतो. उमेदीच्या भरात मोठा पास घेऊ नका.

पैसे देण्याआधी हे विचारा, आणि उत्तरं लेखी मागा:

– बेल्ट परीक्षा किती महिन्यांनी, तिचं शुल्क किती, आणि ती न देता शिकत राहता येतं का?
– गणवेश आणि साहित्य क्लासकडूनच घेणं सक्तीचं आहे का?
– आजारपण, दुखापत किंवा कामाचा दौरा आला तर फी थांबवता येते का, किती काळ?
– सोडायचं झाल्यास किती दिवस आधी कळवायचं?

बेल्टच्या खर्चात कलेप्रमाणे बराच फरक पडतो. कराटे आणि तायक्वांदोत सुरुवातीचे बेल्ट दर काही महिन्यांनी येतात आणि प्रत्येकाला शुल्क असतं. ब्राझिलियन जिउ-जित्सूत प्रौढांना काळ्यापर्यंत पाचच रंग: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आयबीजेजेएफ या संघटनेच्या सर्वसाधारण नियमानुसार निळ्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर १ वर्ष काढावं लागतं. तिथे परीक्षेचा खर्च कमी, पण जाड गणवेशाचा जास्त.

वर्षाची फी एकदम भरल्यावर सूट मिळते, ती घ्यावी. पण तीन महिने महिन्याच्या फीवर काढल्यानंतर, आणि त्या तीन महिन्यांत ठरवलेल्या हजेऱ्यांपैकी तीन चतुर्थांश तरी भरल्या असतील तरच.

फी जड जात असेल तर सरळ बोला. मॅट पुसणं, लहान मुलांच्या वर्गात मदत, हिशोब, फोटो, वेबसाइट अशा कामांच्या बदल्यात सवलत देणारे शिक्षक पुष्कळ असतात. फक्त किती तास काम आणि किती सवलत हे आधी ठरवा, नाहीतर सहा महिन्यांनी दोघंही नाराज. शाळेच्या किंवा संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून दोन-तीन दिवस भरणारे वर्ग अनेकदा स्वस्त असतात, कारण त्यांना पूर्णवेळ जागेचं भाडं भरावं लागत नाही. तिथे आरसे आणि एसी नसतील. तुम्ही पाहायचं ते एवढंच की पाच-सात वर्षं टिकलेले जुने विद्यार्थी आहेत का, आणि ते नवख्याशी कसं वागतात.

साहित्य: कधी, काय

पहिल्या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. चेन आणि खिसे नसलेली पँट व अंगासरशी टी-शर्ट पुरे. खिशात दुसऱ्याचं बोट अडकून मोडू शकतं.

दुसऱ्या महिन्यात गणवेश. कराटेचा पातळ गी (गणवेशाचं जपानी नाव) ज्युदो किंवा जिउ-जित्सूला चालत नाही, पकडीत शिवणीसकट फाटतो. त्या कलांना जाड विणीचाच लागतो, आणि तो वाळायला दिवसापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो. दोन क्लासमध्ये ४८ तास असतील तर एका गीवर भागतं. सुती गी आटतो, म्हणून थंड पाण्यात धुवा. ब्लीच वापरू नका, धागे कमजोर होतात.

बॉक्सिंग आणि मुय थायसाठी ४.५ मीटरच्या हँड रॅपच्या (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांच्या) दोन जोड्या आधी घ्या. स्पारिंगला प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे १६ औंसांचे ग्लोव्ह वापरतात. १० औंसांचे घेऊन आलात तर जोडीदाराच्या नाकाला त्रास आणि तुमचे पैसे वाया. ग्लोव्ह बॅगेत कोंबून ठेवले की आतून कुजतात, घरी आल्यावर वर्तमानपत्राचे बोळे घालून उघड्यावर ठेवा. गी आणि पॅड जुने घेतले तरी हरकत नाही. माउथगार्ड, ग्रोइन गार्ड आणि हेडगार्ड मात्र कधीही वापरलेले घेऊ नका.

सर्वांत महाग गोष्ट दुखापत

महिनाभर हात प्लास्टरमध्ये गेला तर फी, औषधं आणि कदाचित पगारही जातो. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री जोरदार स्पारिंग नको. त्या दिवशी तंत्राचा सराव मागून घ्या. जिउ-जित्सूत लॉक, म्हणजे सांधा पिळणारी पकड, पूर्ण लागण्याआधीच टॅप करा, म्हणजे हार मानल्याची थाप द्या. उशिरा पोचलात तर कोपऱ्यात पाच-सात मिनिटं अंग गरम करूनच मॅटवर उतरा. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा काही क्षण काही सुचेना झालं, तर तो दिवस तिथेच संपला. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद. गजकर्णाचा चट्टा दिसला तर उपचार होईपर्यंत मॅटपासून दूर राहा, नाहीतर अख्ख्या क्लासला तो होतो.

क्लास चुकलाच तर

त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी भरून काढा. तेही जमलं नाही तर क्लासच्याच वेळी घरी २० मिनिटं द्या. बॉक्सरने तीन मिनिटांच्या चार फेऱ्या शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव) करावं, मधे एकेक मिनिट विश्रांती. शोतोकान कराटेतल्या हेइआन शोदान या काताच्या (हालचालींच्या ठरलेल्या क्रमाच्या) २१ हालचाली मिनिटभरात होतात, म्हणजे पाच सावकाश आणि पाच पूर्ण जोराने सहज बसतात. खोली लहान असेल तर तो तुकड्यांत करा. जिउ-जित्सूवाल्यांनी चटईवर कंबर सरकवण्याचा सराव करावा. पडण्याचा सराव मात्र फरशीवर करू नका, त्याला मॅटच हवी.

दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल तर परतल्यावर पहिले दोन क्लास निम्म्या जोराने करा आणि स्पारिंग टाळा. दम लवकर परत येतो, अंगाला मात्र आधीची सवय लागायला वेळ लागतो, आणि जुन्या वेगाने खेळायचा मोह याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुम्हाला शांत जोडीदार देतील.