मोहरी फेसायची ती अशी

फोडणीत तडतडली की मोहरीचं काम झालं, असं बऱ्याच घरांत मानतात. मला ते मुळीच पटत नाही. चिपळूणकडे मी पंगतीचा स्वयंपाक करतो. पानाच्या डाव्या बाजूला फेसलेली मोहरी लावलेली कोशिंबीर असली, आणि पहिल्या घासालाच कुणाच्या नाकात झणका गेला, की मला मनापासून आनंद होतो.

आधी मोहरी बघून घ्या. फोडणीला बारीक, काळपट दाणा चांगला. फेसायला मात्र लोणच्याची मोहरीची डाळ घ्यावी. साल गेलेलं असतं, त्यामुळे रंग पिवळाधमक येतो. डाळ लवकर जुनी होते, म्हणून शंभर ग्रॅमच्या वर आणू नये. दुकानातच चार कण चावून बघा: आधी किंचित कडू आणि मग नाकात सणक. नुसतीच कडू लागली तर घेऊ नका. अख्खी मोहरी गुळगुळीत असते, फोडली की आत पिवळी. खरखरीत काळा दाणा आतून पांढरा निघाला तर तो पिवळ्या धोत्र्याचा. हे हलक्यात घेऊ नका. 1998 साली दिल्लीत त्याची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलानं माणसं दगावली होती.

आता फेसणं. दोन चमचे डाळ न भाजता कोरडीच बारीक करा. वाटीत काढून तीन-चार चमचे गार पाणी घाला आणि चमच्यानं दहा मिनिटं फेसत राहा. इथे घाई करू नये. अख्ख्या दाण्यात झणका तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं, तेव्हा तो उठतो. गरम पाण्यानं ते एन्झाइमच मरतं, आणि लिंबू किंवा दही आधी घातलं तर मंदावतं. म्हणून मिश्रण फिकट, हलकं झालं आणि वास डोळ्यांपर्यंत पोचला की मगच आंबट घाला. मग तो झणका टिकतोही बरा.

चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट आणि दही यांत ही मोहरी छान लागते. लाल भोपळ्याच्या भरिताला लावायची तर भोपळा उकडून पूर्ण गार होऊ द्या. थंडीत गाजर-फ्लॉवरच्या ताज्या लोणच्यात घाला. गोव्याकडे आंब्याचं सासव करतात: पिकलेले छोटे रायवळ आंबे, ओलं खोबरं, गूळ आणि वाटलेली मोहरी. त्यात मोहरी बेतानंच घ्या आणि फार वेळ वाटू नका, नाहीतर सासव कडवट होतं.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे केळ्याची कोशिंबीर. घट्ट गोड दही, चिमूटभर मीठ, थोडी साखर, एक चमचा फेसलेली मोहरी. केळी मात्र पानं मांडल्यावरच चिरा, आधी चिरली तर काळी पडतात.