गोव्याच्या हवेत पहिलं लाकडी युकुलेले बनवायचं असेल तर

युकुलेले म्हणजे चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य. पहिल्याच वेळी गिटारसारख्या कमरेचं करायचा हट्ट धरू नका. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून गरम पाइपवर वाकवणं हे वेगळंच कसब आहे, त्यात पट्ट्या तडकतात आणि बहुतेकांचं काम तिथंच अडकतं. सरळ चौकोनी खोक्याचं करा. हे वाद्य घडवणारेसुद्धा फर्निचरवालेच होते, १८७९च्या ऑगस्टमध्ये मदेइरा बेटावरनं होनोलुलूला जे पोर्तुगीज उतरले त्यात तीन फर्निचर कारागीर होते, त्यांनी आपल्याकडच्या छोट्या वाद्यावरनं तिथल्या लाकडात हे करायला घेतलं. म्हणजे साधं सुतारकाम जमत असेल तर युकुलेले जमतं.

पण आधी महिना बघा. जूनपासून चवथीपर्यंत गोव्यात लाकूड पाणी पीत असतं. दमट दिवसात फुगलेली फळी तुम्ही खालच्या आधारपट्ट्यांना चिकटवली की डिसेंबरात ती आक्रसायला बघणार, पट्ट्या सोडणार नाहीत, आणि फळीला चीर जाणार. उलटं चालतं. कोरड्या हवेत चिकटवलेली फळी पावसात थोडी वर फुगते, तारा उंच वाटतात, तेवढं सांभाळता येतं. म्हणून चिकटवाचिकटवी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकायची. साधा आर्द्रता मीटर घ्या, स्वस्त मिळतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास आकडा हवा, आपल्याकडे तो आपोआप क्वचितच येतो, त्यामुळे घरात एसीची खोली असेल तर लाकूड आठवडाभर तिथं ठेवून तिथंच गोंद लावा, घरचे ओरडतील पण ऐकू नका.

लाकूड कुठलं? माझं मत फणस. वीणा फणसाच्या लाकडाची करतात, ते काय उगाच नाही. जुनं घर पाडतात तिथं दाराच्या फळ्या, फळकुटं मिळतात, ती वर्षानुवर्षं सुकलेली असतात, नव्या कापलेल्या लाकडापेक्षा शंभर पटीनं बरी. सॉ मिलवाल्याकडनं चार मिलिमीटरच्या फळ्या चिरून घ्या आणि खोक्याच्या तोंडावर, तारांखाली बसणारी वरची फळी रंधा मारून दोन मिलिमीटरवर आणा. खिळे शिल्लक नाहीत ना ते चिरायच्या आधीच बघा, नाहीतर मिलवाला ब्लेडचे पैसे मागेल. सागवान तेलकट असतं, गोंद नीट धरत नाही, ते मी टाळतो. आणि तळ व बाजूंना तीन मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड लावलं तर कोणी हसू नये, कंपन्यांची कितीतरी युकुलेले प्लायचीच असतात आणि पावसाळ्यात ती कमी हलतात.

आता मापं, सगळं यश इथंच आहे. कॉन्सर्ट म्हणजे मधला साइज घ्या, तारेची वाजणारी लांबी ३८० मिमी. खोकं साधारण २८ सेंमी लांब, २० रुंद, ६ ते ७ खोल. मानेच्या आणि खोक्याच्या सांध्यावर बारावा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची तार, तिच्यामागं दाबून सूर बदलतो) येऊ द्या, तो लांबीच्या बरोबर मध्यावर, १९० मिमीवर असतो, त्यामुळे सांध्यापासून ब्रिज (तारा खोक्यावर बांधतात तो ठोकळा) हाही १९० वर येतो आणि हिशोब सोपा होतो. ब्रिजच्या बाजूला आणखी दोन मिलिमीटर सोडा, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, त्याची ती भरपाई. बाकी फ्रेटसाठी दर वेळी उरलेली लांबी १७.८१७ नी भागायची, येईल तेवढ्यावर पुढचा फ्रेट: पहिला नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) २१.३ मिमीवर, दुसरा ४१.५, पाचवा ९५.३, सातवा १२६.४. प्रत्येक माप नटपासूनच घ्या, एका फ्रेटवरनं दुसरा मोजत गेलात तर अर्धा-अर्धा मिलिमीटर साचत जातो आणि वाद्य बेसूर होतं, मग कितीही चांगलं लाकूड असूदे काही उपयोग नाही. खाच कापायला पातळ दात्यांची करवत, साधारण ०.६ मिमीची, आणि करवत सरळ राहावी म्हणून लाकडाचा ठोकळा लावून कापा.

फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट बसवायची फळी, शिसवीचा पाच मिमीचा, नटजवळ रुंदी ३५. ठिपके ५, ७, १० आणि १२ वर (गिटारला नववा असतो, इथं बहुतेक दहावा). जुन्या गोवन खिडक्यांत असतात तसले शिंपले असतील तर त्यांचे ठिपके झकास दिसतात, फक्त घासताना मास्क हवाच, ती पूड छातीत जायला नको.

वरच्या फळीला आतनं दोन आडव्या पट्ट्या, एक आवाजाच्या गोल भोकाच्या वर, एक खाली, आणि ब्रिजखाली दोन मिमी जाडीचं ठिगळ. भोक ५५ मिमीचं, मध्य सांध्यापासून ९५ वर. क्लॅम्प नसले तर कपड्याचे चिमटे आणि सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळा, छान दाब बसतो. ब्रिजला मात्र साधा पांढरा गोंद लावू नका, उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि चार तारांची मिळून पंधरा-सोळा किलोची ओढ रोजची असते. पिवळा वूड ग्लू किंवा इपॉक्सी लावा, रात्रभर दाबून ठेवा. मान आतनं बोल्टनं आवळा, पुढे सोडवून सुधारता येते.

पॉलिशसुद्धा कोरड्या दिवसातच. लाखेचं पॉलिश पावसात मारलं तर पांढरट पडतं.

तारांचे सूर जी, सी, ई, ए. मासेमारीच्या दुकानात फ्लोरोकार्बनची दोरी मिळते, ०.५२ मिमीची ए ला, ०.६६ ची ई ला आणि ०.८५ च्या आसपासची सी ला, जी ला ०.५७. युकुलेलेवाले खरंच वापरतात. बाराव्या फ्रेटवर तार अडीच मिमी उंच, नटजवळ पहिल्या फ्रेटवर अर्धा, नट आणि सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) आधी उंचच ठेवून कानशीनं थोडं थोडं उतरवा, काढलेलं परत येत नाही. नव्या तारा पहिले चार-पाच दिवस सारख्या उतरतात, घाबरून ब्रिज उकलू नका, परत परत लावत राहा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि भिंतीला टेकवून ठेवू नका.