दिवसभरातील देवकृपा कशी ओळखावी
१५२१ साली स्पेनमधील पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले, पुढे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक झालेले संत इग्नेशियस लोयोला अंथरुणावर ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचता वाचता अंतर्बाह्य पालटले. अशी न मागता मिळणारी कृपा आपल्याही आयुष्यात ओळखायची असेल, तर त्यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण रात्री झोपण्यापूर्वी करावे. प्रथम देवाचे आभार मानावेत, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागावा आणि सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवावा. इथे घाई मुळीच करू नये, कारण रागाचा शब्द ओठांवर येऊन जिथे थांबला किंवा अबोला धरलेल्या भावाला अचानक फोन करावासा वाटला, तिथेच कृपेचे काम बहुधा सापडते. नंतर चुकांची क्षमा मागून उद्यासाठी एकच ठोस निश्चय करावा. गंभीर पाप आठवल्यास मात्र धर्मगुरूंकडे पापनिवेदन करावे.