लटकलेलं दार आणि झिजलेली बिजागरी

गाडीचं दार अर्धवट उघडा, मागची कड धरून वर-खाली हलवा. बिजागरीपाशी खडखड जाणवली तर पिन किंवा बुश (पिनभोवतीची छोटी नळी) झिजलंय. अशा वेळी बरेच जण गाडीच्या खांबावरचा लॉकचा खुंट (ज्यात दाराचं लॉक अडकतं तो) खाली सरकवून मोकळे होतात. दार लागतं खरं, पण झीज चालूच राहते.

दार काढायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. रबरी नळीतून दारात जाणाऱ्या वायरिंगचा कनेक्टर आणि दार अडवणारी पट्टी मोकळी करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बिजागरीच्या पात्याभोवती मार्करने बारीक रेघ ओढा. ही रेघ नसेल तर दार परत बसवताना फटी जुळवण्यात दुपार जाते. दाराखाली जॅक, त्यावर फळी आणि जुनी गोधडी ठेवा. बोल्ट सोडताना दुसरा माणूस हवाच. काच-मोटरसकट दार चांगलंच जड असतं.

पिन आणि बुश दोन्ही एकदमच बदला. पिन रिव्हेट केलेली (ठोकून कायमची बसवलेली) असेल तर अख्खी बिजागरी नवीन घेतलेली परवडते.

बसवताना बोल्ट आधी हलकेच आवळा, दार अलगद लावून चारी बाजूंची फट बघा, मगच पक्के करा. लॉकचा खुंट पूर्वी कुणी सरकवला असेल तर तोही आता जागेवर आणावा लागेल.