भास होतायत? आधी कधीपासून ते विचारा

माणूस असंबद्ध बोलू लागला की घरचे थेट 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणतात. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेली आजी आज पांघरुणावरच्या नसलेल्या मुंग्या झटकतेय, मध्येच नीट बोलते, पुन्हा बरळते, तर सायकोसिसपेक्षा (वास्तवाशी नातं तुटणारा मानसिक आजार) डिलिरियमची (मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ) शक्यता जास्त. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार करत धागा सुटतो. कारण बहुधा शरीरात असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, घटलेलं सोडियम, नवी गोळी. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाल्यावर २ ते ४ दिवसांत हेच होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सायकोसिस बहुधा काही आठवडे-महिने घेत येतो. वार-तारीख बरोबर सांगतो, पण 'शेजारी पाळत ठेवतात' यावरून माणूस हलत नाही. (जागरणात अंगात आलं आणि तासाभरात जेवायला बसला, तो प्रकार वेगळा.) वाद नको, होकारही नको: "मला आवाज येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय." टीव्ही बंद, बोलणारा एकच. झोप किती, गांजा घेतो का, हे लिहून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आवाज हुकूम देत असतील किंवा जीव देण्याची भाषा असेल तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका. आजार उलटतो तो बऱ्याचदा इथेच.