सर्व्हरवर विंडोज की लिनक्स? आधी कामं लिहा, मग माणसं मोजा

"लिनक्स फुकट, विंडोज महाग" एवढ्यावर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक काम चालतं तो मुख्य संगणक, ठरवू नका. कोल्हापुरात शिरोलीतली फाउंड्री असो की शाहूपुरीतली गुळाची पेढी, निर्णय पुढच्या क्रमानेच घ्यावा.

1. सर्व्हरवर काय चालणार ते लिहा. सगळ्यांनी रिमोटने (आपल्या पीसीवरून दूरून जोडून) सर्व्हरवरच टॅली उघडायचं असेल, किंवा ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) फक्त विंडोजवर चालणारं असेल, तर विंडोज सर्व्हर घ्या. तिथे लिनक्सचा हट्ट नको. नुसतं फाइल शेअरिंग, बॅकअप किंवा वेबसाइट असेल तर डेबियन किंवा उबंटू हे लिनक्सचे प्रकार पुरतात. साम्बा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर लावलं की विंडोज पीसीवर फोल्डर नेहमीसारखाच दिसतो.

2. लायसन मोजा. सगळा घोळ इथेच होतो. मलाही सुरुवातीला हे गणित नीट बसायला बराच वेळ लागला.

विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांच्या संख्येवर) असतं आणि एका सर्व्हरला किमान 16 कोअरचं घ्यावंच लागतं, प्रोसेसर 8 कोअरचा असला तरी. त्यावर सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी कॅल, म्हणजे वापराचे परवाने, वेगळे. कोटेशनमध्ये कॅलची ओळ नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे, परत पाठवा.

कॅल माणसावर घ्यायचे की मशीनवर, हे तुमच्या कामावर ठरतं. शॉप फ्लोअरवरच्या एकाच पीसीवर तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर बसत असतील तर डिव्हाइस कॅल घ्या, एकात भागतं. मार्केटिंगचा माणूस लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवरून येत असेल तर त्याच्यासाठी यूजर कॅल.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरून सर्व्हरच्याच स्क्रीनवर, काम करायचं तर साध्या कॅलच्या वर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप) कॅलही लागतात. ते न घेताही 120 दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून "चालतंय की" म्हणणारे भेटतात. मुदत संपली की लोकांना आत येता येत नाही, मग ऐन जीएसटी रिटर्नच्या दिवशी धावाधाव. सर्व्हरसोबत मिळणारी दोन रिमोट सेशन्स फक्त देखभालीसाठी असतात. त्यावर बिलं करायला बसवणं नियमबाह्य आहे, कोणीही काहीही सांगो.

लिनक्सला कॅल नाहीत. पण रेड हॅटसारखं ओपन सोर्स लिनक्स कंपनीच्या सपोर्टसह हवं असेल तर वर्गणी भरावी लागते.

3. सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट, कधी संपतो ते बघा. सेंटओएस 8 या लिनक्सचा सपोर्ट 2021 अखेरीस संपला, विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा ऑक्टोबर 2023 मध्ये. आज कोणी यातलं काही बसवून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

4. बंद पडल्यावर कोण येणार ते ठरवा. रात्री गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत येऊन लिनक्स दुरुस्त करणारा माणूस आधी हेरून ठेवा. तो मिळत नसेल तर लिनक्सची बचत कागदावरच राहते.

5. बॅकअप जुन्या पीसीवर उघडून बघा. त्यातून एक बिल छापा. बॅकअपची डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर आपण बघितलाय.