नागपूरच्या टोळक्याने लाओ हॉटेलात जेवायचं कसं

आजकाल इकडून थायलंड-व्हिएतनामच्या ट्रिपा लय होऊन राहिल्या आणि लोकं त्यात लाओसही जोडतात, व्हिएंटियान नाही तर लुआंग प्राबांग. तिथल्या साध्या, प्लास्टिकच्या खुर्च्यावाल्या हॉटेलात आपलं सात-आठ जणांचं टोळकं घुसलं की घोळ मेन्यूपासूनच सुरू होतो, कारण जो तो आपापली प्लेट मागवतो. असं करू नका भाऊ. तिथे भाताची छोटी टोपली सहसा माणशी एक आणि बाकी सगळं मधे ठेवून सगळ्यांनी मिळून खायचं.

मेन्यू उघडायच्या आधी एकच विचारून घ्या, कोण काय खात नाही. मंगळवार-गुरुवारवाले, बीफ न खाणारे, पोर्क न खाणारे, पक्के शाकाहारी, सगळे आपल्याच ग्रुपमधे निघतात. लाप म्हणजे बारीक कापलेलं मांस नाही तर मासे, लिंबू, पुदिना, कांदापात आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड, तिथला हमखास पदार्थ, पण तो कशाचाही असू शकतो. काई म्हणजे चिकन, पा म्हणजे मासा, मू म्हणजे डुक्कर, ङुआ म्हणजे बीफ, एवढं पाठ केलं तरी पुरे. आणि लाप कच्च्या मांसाचाही करतात, म्हणून 'सुक' म्हणजे शिजलेला हवा हे आवर्जून सांगा, इथे लाजू नका.

शाकाहारी मित्राचं खरं दुखणं म्हणजे पाडेक. नदीचे मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन्महिने मुरवून केलेला हा प्रकार, देशाला समुद्र नाही ना, म्हणून मेकाँगचे मासे असेच टिकवतात. वास जबरदस्त, चव त्याहून भारी, आणि भाजीच्या सॅलडमधेही तो असतो. 'बो साई पाडेक' म्हटलं की घालत नाहीत, पण मग फिश सॉस घालतील, त्यामुळे तोही नको म्हणून वेगळं सांगावं लागतं. टोफू किंवा मशरूमचा लाप करून देता का विचारा, बरेच ठिकाणी देतात.

आता ऑर्डर. सात-आठ जणांना लाप दोन प्रकारचे, कच्च्या पपईचं ताम माक हूंग एक, पिंग काई म्हणजे भाजलेलं चिकन, केळीच्या पानात वाफवलेला मासा म्हणजे मोक पा, आणि एखादी जेओ, म्हणजे भाजलेले टमाटे-मिरची-लसूण खलबत्त्यात कुटून केलेली चटणी. एवढं येऊ द्या, मग बघा. ताम माक हूंग मागवताना 'बो फेट' म्हणजे तिखट नको म्हणायला कमीपणा वाटू देऊ नका. सावजी पचवणारा माणूसही तिथे गार होतो बे, कारण सावजीचा तिखटपणा मसाल्यातून आणि तर्रीतून हळूहळू चढतो, इथे कच्च्या बारक्या मिरच्या तुमच्यासमोर ठेचून थेट पानात येतात.

भात चिकट असतो, रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवलेला, आणि झाकणवाल्या छोट्या टोपलीतच टेबलावर येतो. झाकण काढलं की वाफ निघते, हाताला चटका बसतो, जरा थांबा. मग उजव्या हाताने चिमूटभर घ्यायचा, बोटांनीच दाबून घट्ट गोळा करायचा, एका बाजूला अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यानेच लाप उचलायचा. चावलेला गोळा परत जेओच्या वाटीत बुडवू नका, ती सगळ्यांची आहे. भात घेतला की झाकण लगेच लावा, नाही तर तो कडक होतो, आणि उघडी टोपली तिथली लोकं अशुभही मानतात. चॉपस्टिक शोधत बसू नका, त्या नूडल्सच्या सूपासाठी, बाकी चमचा आणि हात. आपल्याला काय, हाताने खायची सवयच आहे.

पिणारे असतील तर बिअरलाओची ६४० मिलीची मोठी बाटली घेऊन ग्लासात वाटून घ्या, बर्फ टाकून देतील, तिथे तसंच पितात.

बिल लाखांत येईल, घाबरू नका, ते किप या तिथल्या चलनात आहे. साध्या हॉटेलात कार्ड चालेलच असं नाही, म्हणून कॅश ठेवा, एकानेच द्या आणि वाटणी रूमवर गेल्यावर करा, तिथे टेबलावर नोटा मोजत बसलात तर अर्धा तास जातो.